कंपनीतली इंग्रजी : जिनपासून पगारपत्रकापर्यंत



आपल्या अमरावती-अकोल्याकडे "पोरगा काय करतो?" असं विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक तर "शेतीच पाह्यते", नाहीतर "पुण्याले कंपनीत हाय". कोणती कंपनी, कोणता विभाग, काम काय, हे आईवडिलांना बहुधा सांगता येत नाही. पोरालाही सांगता येतंच असं नाही. दहावी-बारावी, आयटीआय करून पोरं चाकण-रांजणगावला जातात आणि पहिल्याच दिवशी हातात येतो तो इंग्रजी कागद. त्या कागदावर सही करायची असते. म्हणून आजचा पाठ त्या कागदावरच्या आणि त्या गेटच्या आतल्या शब्दांचा. पालक, शिक्षक आणि नोकरी शोधणारे, सगळ्यांनीच वाचावा असा.

आधी 'कंपनी' हाच शब्द घेऊ. हा शब्द आपल्याला नवा नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार गेला तो ईस्ट इंडिया कंपनीकडेच. 'कंपनी सरकार' हा शब्द आपल्या जुन्या पिढ्यांच्या तोंडी होता. मूळ लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एकत्र भाकर खाणारे ते कंपनी! कॅन्टीनमध्ये डबा उघडताना हा अर्थ आठवून पाहा.

दुसरा शब्द तर आपल्या घरचाच आहे. गावोगावच्या 'जिन'मध्ये आपण कापसाची गाडी लावतो. हे 'जिन' म्हणजे 'इंजिन' या शब्दाचं तुटलेलं शेपूट. सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र ते जिन. इंग्रजी येत नाही म्हणणारे आपले आजोबा हा शब्द आयुष्यभर वापरत होते. मुलांना हे सांगितलं की इंग्रजीची निम्मी भीती तिथंच जाते, हा माझा वर्गातला अनुभव.

आता विभाग, म्हणजे 'डिपार्टमेंट'. यादी पाठ करू नका, कापसाच्या मागे मागे चला. शेतकऱ्याचा कापूस जिनिंग-प्रेसिंगच्या गेटवर आला. गेटवर नोंद करतो तो 'सिक्युरिटी' विभाग. भाव ठरवून माल घेतो तो 'परचेस', म्हणजे खरेदी. ओलावा किती, कचरा किती, धाग्याची लांबी किती हे तपासणारा 'क्वालिटी' विभाग. प्रत्यक्ष जिन चालते, रुई निघते, दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते, ते 'प्रॉडक्शन'. यंत्र बंद पडलं की धावत येतो तो 'मेन्टेनन्स'. पट्टा, बेअरिंग, ग्रीस हे सामान जिथं ठेवलेलं असतं ते 'स्टोअर्स'. गाठी ट्रकमध्ये भरून, कागद लावून पाठवतो तो 'डिस्पॅच'. पैशाचा हिशेब 'अकाउंट्स'कडे, आणि माणसांचा हिशेब 'एचआर'कडे.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीतली कापड गिरणी असो, अकोला एमआयडीसीतली दाल मिल असो की पारसचं वीज केंद्र असो, हे विभाग नावं थोडी बदलून सगळीकडे सापडतात. नांदगाव पेठला होणाऱ्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. म्हणजे हे शब्द उद्या फक्त पुण्याला जाणाऱ्यांच्याच कामाचे राहणार नाहीत.

स्टोअर्समधला एक शब्द मला फार आवडतो, 'इंडेंट'. सामान पाहिजे तर स्टोअर्सला इंडेंट द्यावं लागतं, म्हणजे मागणीपत्र. जुन्या काळी एकाच कागदावर दोनदा करार लिहून तो मधून दातेरी कापत. दोन्ही तुकड्यांचे दाते जुळले तर कागद खरा. लॅटिन 'डेन्स', संस्कृत 'दंत' आणि आपला 'दात' हे एकाच कुळातले शब्द. परचेस आणि डिस्पॅचची पोरं रोज इंडेंट म्हणतात, पण त्यात दात आहे हे कुणाला ठाऊक नसतं.

पदांचं फार अवघड नाही. खालून वर असं धरा: हेल्पर, ऑपरेटर, सुपरवायझर, शिफ्ट इन्चार्ज, मॅनेजर, प्लँट हेड. जुन्या गिरणीतला मुकादम म्हणजे आजचा सुपरवायझर, दिवाणजी म्हणजे अकाउंटंट. 'हेल्पर' आणि 'ऑपरेटर' यात पगाराचा आणि पुढच्या नोकरीचा फरक पडतो, म्हणून अनुभवाच्या दाखल्यावर नेमकं काय लिहिलंय ते बघून घ्या. आणखी एक घोळ: 'पर्सनल' म्हणजे खासगी आणि 'पर्सोनेल' म्हणजे कर्मचारीवर्ग. दाराच्या पाटीवर दुसरा शब्द असतो, तिथं साहेबांची खासगी खोली समजून परत फिरू नका.

आता खरा मुद्दा, नेमणुकीचं पत्र. 'ऑफर लेटर' म्हणजे कंपनी तुम्हाला काम द्यायला तयार आहे. 'अपॉइंटमेंट लेटर' म्हणजे नेमणूक झाली. 'प्रोबेशन' म्हणजे पारखण्याचा काळ आणि 'कन्फर्मेशन' म्हणजे त्यानंतर कायम होणं. 'नोटीस पीरियड' म्हणजे नोकरी सोडण्याआधी किती दिवस सांगावं लागेल ती मुदत.

पण सगळ्यात जास्त फसगत होते ती तीन शब्दांत. 'अप्रेंटिस', 'ट्रेनी' आणि 'कॉन्ट्रॅक्ट'. आईवडिलांना तिन्हींचा अर्थ एकच वाटतो, "लागला". अप्रेंटिस १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतला जातो. त्याला पगार नाही, 'स्टायपेंड' म्हणजे विद्यावेतन मिळतं. या अप्रेंटिसचा पीएफ कापला जात नाही आणि मुदत संपली की नोकरी मिळेलच असं बंधन नाही. शिकायला ते उत्तमच आहे, फक्त ती नोकरी नव्हे. ट्रेनी हा बहुतेक वेळा कंपनीने स्वतः ठेवलेला प्रकार, त्याच्या अटी पत्रातच वाचाव्या लागतात. आणि कॉन्ट्रॅक्ट असेल तर पत्राच्या माथ्यावर मोठ्या कंपनीचं नाव नसतं, ठेकेदाराच्या फर्मचं असतं. पोरगा काम करतो एकाच्या गेटच्या आत आणि नोकर असतो दुसऱ्याचा. कॉन्ट्रॅक्ट वाईटच असतं असं मी म्हणत नाही, पण आपण कोणाचे नोकर आहोत हे तरी माणसाला माहीत असावं की नाही?

आमच्या शाळेतून गेलेला एक पोरगा दिवाळीत भेटायला आला तेव्हा फोनमधली पगाराची पावती, म्हणजे 'पे-स्लिप', दाखवून म्हणाला, "सर, मले वर्षाले दोन लाख अठ्ठावीस हजाराचं पॅकेज सांगतलं होतं. बारानं भागलं त एकोणीस हजार येते. हातात चौदाच काहून?" त्याला वाटत होतं मधले पैसे कोणीतरी खाल्ले. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. आकडे सोपे करून तो इथं देतो, वहीत उतरवून घ्या.

पॅकेज म्हणजे 'सीटीसी', 'कॉस्ट टू कंपनी'. तुमच्यामुळे कंपनीला येणारा एकूण खर्च. त्यात कंपनी स्वतःच्या वाट्याचा जो पीएफ आणि ईएसआयसी भरते तोही धरलेला असतो. समजा 'ग्रॉस' म्हणजे एकूण पगार १७,००० आणि त्यातला मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,०००. पीएफ मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर १२ टक्के, म्हणजे १,४४०. कंपनीही तेवढेच भरते. ईएसआयसी कामगाराकडून ग्रॉसच्या पाऊण टक्का, म्हणजे १२८. कंपनीचा वाटा सव्वातीन टक्के, ५५३. आता १७,००० मध्ये कंपनीचे १,४४० आणि ५५३ मिळवा. झाले १८,९९३. हे तुमचे एकोणीस हजार! उलट १७,००० मधून तुमचे १,४४० आणि १२८ वजा करा, व्यवसाय कराचे २०० वजा करा. उरले १५,२३२. याला 'नेट' किंवा 'इन हँड' म्हणतात. त्यातून कॅन्टीन आणि बसचे बारा-तेराशे गेले की आले चौदा हजारांवर.

पैसे कोणी खाल्ले नव्हते. पण ते खरंच जमा होतात का, हे मात्र तपासता येतं. पीएफचा 'यूएएन' हा १२ अंकी नंबर असतो. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही, म्हणून तो वहीत लिहून ठेवा. त्या पोराने तिथंच फोनवर पासबुक उघडलं, तर आठ महिन्यांपैकी तीन महिन्यांचा भरणाच नव्हता. पे-स्लिपवर कपात मात्र आठही महिन्यांची होती. 'डिडक्शन' म्हणजे कपात आणि 'कॉन्ट्रिब्युशन' म्हणजे भरणा हा फरक त्याला ठाऊक झाल्यावर त्याने ठेकेदाराला काय विचारायचं ते नीट विचारलं, आणि तक्रार पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवरही टाकली. ईएसआयसीचंही तसंच. ते पैसे वाया जात नाहीत, त्यावर स्वतःचा आणि घरच्यांचा दवाखाना होतो. सध्या २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू आहे. आणि 'ओव्हरटाइम'चा दर कायद्याने दुप्पट आहे, एकपट नाही.

कागदावरच्या शब्दांइतकेच भिंतीवरचे शब्द महत्त्वाचे. 'कॉशन' म्हणजे जपून, किरकोळ इजा होऊ शकते. 'वॉर्निंग' त्याच्या वरचं. 'डेंजर' म्हणजे इथं जीव जाईल. तिन्हीला आपण 'धोका' म्हणून मोकळे होतो. 'लॉक आउट, टॅग आउट' म्हणजे यंत्र दुरुस्त करताना वीज बंद करून कुलूप आणि पाटी लावणं. ती पाटी दिसली तर बटणाला हात लावायचा नाही, सुपरवायझर ओरडला तरी नाही. 'निअर मिस' म्हणजे अपघात होता होता वाचलो. आपल्याकडे "देवानं वाचवलं" म्हणून विषय संपतो, कंपनीत मात्र तो लिहून कळवायचा असतो, म्हणजे पुढच्याचा हात वाचतो.

आता थोडं वागण्या-बोलण्याचं. मराठीत 'तुम्ही' म्हटलं की आदर आला. इंग्रजीत लहानमोठ्या सगळ्यांना एकच 'यू'. मग आदर कुठं ठेवायचा? तो क्रियापदात ठेवतात. 'गिव्ह मी लीव्ह' म्हणजे "सुट्टी दे", आणि 'कुड आय टेक लीव्ह टुमॉरो?' म्हणजे "उद्या सुट्टी घेऊ का?" पहिलं वाक्य व्याकरणात बरोबर असूनही उद्धट वाटतं. हिंजवडीकडच्या ऑफिसांत साहेबालाही नावानं हाक मारतात, पोरांना सुरुवातीला ते फार जड जातं. तिथं चालत असेल तर नावानंच बोलवा. कारखान्यात मात्र 'सर' अजून चालतं.

काही शब्द फक्त आपल्या देशातच असे वापरतात. 'आय पास्ड आउट इन २०२३' हे आपल्या साहेबाला समजतं. परदेशी साहेबाला वाटेल पोरगा चक्कर येऊन पडला होता. तिथं 'ग्रॅज्युएटेड' किंवा 'कम्प्लीटेड' म्हणा. 'प्रीपोन' आणि 'डू द नीडफुल' हेही तसेच. मला स्वतःला 'प्रीपोन' हा शब्द झकास वाटतो, पण मुलाखतीत नको.

शिक्षक मित्रांनो, पाचवीपर्यंतच्या मुलांना हे शिकवायला कारखाना लागत नाही. आमच्या वर्गात मी शालेय पोषण आहाराचीच कंपनी केली. तांदूळ ठेवण्याची खोली स्टोअर्स, साठा नोंदवही म्हणजे स्टॉक रजिस्टर, खिचडी शिजवणाऱ्या ताई प्रॉडक्शन, चव नोंदवही म्हणजे क्वालिटी, वाढणारी मुलं डिस्पॅच. मुलांनी आपापले विभाग वाटून घेतले, छातीवर पाट्या लावल्या. चौथ्या दिवशी क्वालिटी विभागाच्या मुलीने "मीठ कमी आहे" म्हणून डिस्पॅच थांबवला, आणि प्रॉडक्शनच्या ताईंनी पातेलं परत चुलीवर ठेवलं.