खडीसाखर फुटते, मग हुपरीची चांदी का वाकते?

खडीसाखरेचा खडा बत्त्याने ठेचला की त्याचे तुकडे उडतात. हातोडीचा तोच घाव चांदीच्या तारेवर घाला, ती नुसती चपटी होते. खरे तर दोन्ही स्फटिकच. दोन्हींत कण ठरलेल्या जागी, रांगेत बसलेले असतात. फरक आहे तो त्यांना धरून ठेवणाऱ्या बंधांत.

साखरेचे रेणू एकमेकांना ठरावीक बाजूंनीच, हायड्रोजन बंधांनी धरतात. थर जागचा हलला की पकड सुटते, खडा तडकतो. चांदीचा प्रत्येक अणू मात्र आपला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन जणू सामाईक खात्यात जमा करतो. हे मोकळे इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंना बांधून ठेवतात. प्रत्येक अणूला १२ शेजारी असतात. थर सरकला तर शेजारी बदलतात, बंध टिकतो.

हातकणंगले तालुक्यातील हुपरी ही चांदीनगरी याच गुणावर उभी आहे. तिथे चांदी अधिकाधिक बारीक छिद्रांतून ओढून तार काढतात. पण ओढता ओढता तार ताठर होते. असे का?

अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. सतरंजीची सुरकुती ढकलत न्यावी, तसा रचनेतला बारीक दोष पुढे सरकतो. तार जितकी ओढावी तितके दोष वाढतात, गर्दी होते आणि ते एकमेकांत अडकतात. मग कारागीर तार मंद लाल होईपर्यंत तापवतात. चांदी ९६१ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, त्यामुळे आच सांभाळावी लागते. या उष्णतेत नवे, कमी दोषांचे स्फटिक तयार होतात आणि तार पुन्हा मऊ होते.

आता गिऱ्हाइकाची नेहमीची शंका : तांबे मिसळले म्हणजे फसवले का? नाही. शुद्ध चांदी इतकी मऊ, की रोजच्या वापरात पैंजणाच्या कड्या फाकतात. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा लहान. तो मध्ये बसला की थर सहज सरकत नाहीत. ‘९२५’ चांदीत १००० भागांपैकी ९२५ भाग चांदी असते, उरलेले बहुधा तांबे. फसवणूक होते ती ‘९२५’ सांगून त्याहून कमी दिल्यावर. म्हणून हॉलमार्क पाहूनच घ्या.

आणि फाकलेली कडी बोटांनी वाकवत बसू नका. प्रत्येक वाकवण्यासरशी तिथे दोषांची गर्दी वाढते आणि कडी नेमकी तिथेच तुटते.