जनरल रजिस्टराची यादी डेटाबेसमध्ये आयात करताना येणारे दोष व त्यांचे निरसन

शाळेचे जनरल रजिस्टर हे दप्तरातील सर्वांत जोखमीचे पुस्तक होय. विद्यार्थ्याचे नाव व जन्मतारीख त्यात एकदा लिहिली गेली, की तीच नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते आणि त्या दाखल्यावर त्याचे पुढील शिक्षण व नोकरी अवलंबून राहते. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर जन्मतारखेत दुरुस्ती करून घेणे किती कष्टाचे असते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

ज्या शाळांनी या रजिस्टराची यादी संगणकावरील डेटाबेसमध्ये ठेवण्याचे काम हाती घेतले आहे, त्यांच्यासाठी प्रस्तुत लेख आहे. अशा कामी पीएचपीमायअ‍ॅडमिन हे साधन पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. ते ब्राउझरमध्ये उघडते व त्याच्या द्वारे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसचा कारभार पाहता येतो. एक्सेलमध्ये तयार केलेली यादी सीएसव्ही फाइल म्हणून, किंवा पूर्वी काढून ठेवलेली प्रत एसक्यूएल फाइल म्हणून, त्याच्या ‘इम्पोर्ट’ या पानावरून आत घेतात. यालाच आयात म्हणावयाचे. आयात करताना पडद्यावर तांबड्या चौकटीत दोषाची सूचना येते आणि अनेकजण गांगरून जातात. वस्तुतः ही सूचना म्हणजे दारावरील पहारेकऱ्याने विचारलेला प्रश्न होय. त्याचा त्रास वाटून घेऊ नये. त्याने न विचारता चुकीची नोंद आत सोडली, तर त्याचेच भय अधिक.

आरंभापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवून तिला हात लावू नये. डेटाबेसमध्ये आधीच काही नोंदी असतील, तर ‘एक्स्पोर्ट’ करून त्यांचीही प्रत घ्यावी. आणि पहिली आयात खऱ्या डेटाबेसमध्ये न करता चाचणीसाठी केलेल्या रिकाम्या डेटाबेसमध्ये करावी.

१. फाइल आतच येत नाही तेव्हा

‘आयातीसाठी काहीच माहिती मिळाली नाही’ अशा अर्थाची सूचना आल्यास, फाइल निवडावयाची राहिली नाही ना हे प्रथम पाहावे. ती निवडलेली असेल, तर बहुधा ती मर्यादेपेक्षा मोठी असते. ही मर्यादा डेटाबेसची नसून सर्व्हरवरील पीएचपीची असते व इम्पोर्टच्या पानावर फाइल निवडण्याच्या जागेजवळच ती लिहिलेली आढळते. पीएचपीच्या मूळ मांडणीत एका फाइलला २ एमबी व एकूण पाठवणीला ८ एमबी एवढीच मुभा आहे. या दोन्ही मर्यादा पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलमधून वाढवता येतात. मात्र दुसरी नेहमी पहिलीपेक्षा मोठी ठेवावी आणि बदलानंतर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा. ज्यांना ही खटपट नको, त्यांनी फाइल झिप करावी किंवा यादीचे वर्षवार तुकडे करून ते क्रमाने आत घ्यावेत.

आयात मध्येच थांबते, तेव्हा पुष्कळदा वेळेची मर्यादा संपलेली असते. यासाठी ‘पार्शल इम्पोर्ट’ ही खूण ठेवलेली असल्यास तीच फाइल पुन्हा देऊन उरलेले काम पुढे नेता येते. ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ ही २००६ क्रमांकाची सूचना एकच आज्ञा फार लांब झाल्यामुळेही येते. अशा वेळी फाइलचे लहान भाग करणे हाच सोपा उपाय होय.

२. नोंद नाकारली जाते तेव्हा

येथे एक नियम पक्का लक्षात ठेवावा: सूचना अनेक असल्या तरी पहिलीच वाचावी. गणितातील पहिल्या पायरीची चूक सापडली, की पुढील पायऱ्या आपोआप सुधारतात, तसेच हे आहे. दुसरे असे, की दोषाच्या ओळीपाशी काम थांबले तरी तिच्यापूर्वीच्या आज्ञा पार पडलेल्या असू शकतात. म्हणून फाइल सुधारून पुन्हा देण्यापूर्वी चाचणीचा डेटाबेस रिकामा करावा; नाहीतर ‘टेबल आधीच आहे’ (१०५०) किंवा ‘डुप्लिकेट एन्ट्री’ (१०६२) असे नवे दोष उभे राहतात व मूळ दोष झाकला जातो.

रकान्यांची संख्या जुळत नाही. सीएसव्ही फाइलमध्ये स्वल्पविराम हाच दोन रकान्यांमधील पडदा असतो. पत्त्यात ‘पाटील वाडा, मारुती मंदिराजवळ’ असे लिहिले आणि तो मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत नसला, की एका रकान्याचे दोन होतात. सूचनेत ओळीचा क्रमांक दिलेला असतो. ती ओळ काढून पाहावी. एक्सेल अशी अवतरणे स्वतः घालते. हाताने केलेल्या फाइलमध्ये हा दोष विशेष आढळतो.

डुप्लिकेट एन्ट्री. फाइल दुसऱ्यांदा दिलेली नसतानाही १०६२ क्रमांकाचा दोष आला, तर रजिस्टर उघडून पाहावे. काही शाळांतून रजिस्टराचा नवा खंड सुरू करताना क्रमांक पुन्हा १ पासून घातलेले असतात. मग एकाच क्रमांकाची दोन मुले होतात आणि डेटाबेस दुसऱ्याला अडवतो. येथे अनन्यतेची अट काढून टाकू नये. खंड व क्रमांक या दोहोंची मिळून एक किल्ली करावी.

परस्परसंबंधाचा दोष (१४५२). गुणपत्रकाच्या टेबलात ज्याचा क्रमांक आहे, तो विद्यार्थी मुख्य टेबलात नसला, तर हा दोष येतो. विद्यार्थ्यांचे टेबल आधी व गुणांचे नंतर असा क्रम ठेवावा. इम्पोर्टच्या पानावर ही तपासणी बंद करण्याची खूण आहे. पूर्ण प्रत परत बसवताना केवळ टेबलांचा क्रम उलटसुलट असेल, तर तिचा उपयोग योग्य ठरतो. पण हरवलेली नोंद झाकण्यासाठी ती वापरू नये, कारण तपासणी नंतर चालू केली तरी आधी आत गेलेल्या नोंदी पुन्हा तपासल्या जात नाहीत.

मजकूर रकान्यात मावत नाही (१४०६). ‘स्नेहा’ हे नाव आपण दोन अक्षरांचे म्हणतो. संगणक मात्र स, हलन्ताची खूण, न, मात्रा, ह व काना अशी सहा चिन्हे मोजतो. म्हणून नावाचा रकाना ऐसपैस ठेवावा.

अनोळखी कोलेशन (१२७३). कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना व क्रमवारी लावण्याचा नियम. मायएसक्यूएलच्या २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीत तो नियम बदलला. त्या आवृत्तीतून काढलेली प्रत जुन्या डेटाबेसला दिली, तर त्या नियमाचे नाव त्याला ठाऊक नसते. फाइलच्या प्रतीत त्या नावाच्या जागी जुन्या डेटाबेसला परिचित असलेले ‘यूटीएफ८एमबी४’ गटातील नाव घालावे.

३. दोष न दाखवता चूक आत जाते तेव्हा

आतापर्यंतचे दोष स्वतःहून ओरडून सांगणारे होते. यापुढील दोष मुके आहेत, म्हणून त्यांचा विचार अधिक काळजीने केला पाहिजे.

पहिला दोष जन्मतारखेचा. मायएसक्यूएल वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख वाचतो. यादीत १२ जून २०११ ही तारीख ‘१२/०६/११’ अशी लिहिली असेल, तर तो तिचा अर्थ २०१२ सालच्या जून महिन्याची ११ तारीख असा घेतो आणि नोंद स्वीकारतो. मूल एका क्षणात सुमारे एक वर्षाने लहान होते! एक्सेलमध्ये अमेरिकी पद्धतीची मांडणी असेल, तर ५ मार्चची ३ मे होते. पण २५ मार्च तशीच मजकूर म्हणून राहते, कारण पंचविसावा महिना नाही. परिणामी बारा तारखेपर्यंत जन्मलेली मुले चुकतात व बाकीची बरोबर दिसतात. यावर उपाय असा, की प्रथम एक्सेलने तारखा बरोबर ओळखल्या आहेत याची रजिस्टराशी ताडून खात्री करावी, मग तो रकाना ‘२०११-०६-१२’ या स्वरूपात आणावा आणि त्यानंतरच सीएसव्ही करावी.

दुसरा दोष मोठ्या क्रमांकांचा. आधार क्रमांक बारा अंकी असतो. एक्सेल तो साध्या रकान्यात घातांकाच्या रूपात दाखवते व सीएसव्हीत तसाच उतरवते. पंधराहून अधिक अंक असतील, तर पुढील अंकांची शून्ये होतात. ज्या क्रमांकाची आपण बेरीज-वजाबाकी करीत नाही, तो अंक नसून नाव आहे असे समजावे आणि एक्सेलमध्ये व डेटाबेसमध्येही त्याचा रकाना मजकुराचा ठेवावा.

तिसरा दोष देवनागरीचा. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढल्यास नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. एकदा प्रश्नचिन्हे साठवली गेली, की त्यांतून मूळ नाव परत मिळत नाही. म्हणून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा, आयातीच्या पानावर फाइलची लिपी ‘यूटीएफ-८’ ठेवावी आणि टेबलासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ घ्यावे. कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा. नाहीतर डेटाबेस रोमन अक्षरांचा गोंधळ विनातक्रार साठवून ठेवील.

४. ताळा

बेरीज केल्यावर ताळा पाहावा, असे आपण वर्गात शिकवितो. येथेही तोच न्याय लावावा. आत गेलेल्या नोंदींची संख्या रजिस्टराशी जुळवावी. मुलगे व मुली वेगवेगळ्या मोजाव्यात. सर्वांत जुनी व सर्वांत नवी जन्मतारीख काढून ती संभवनीय आहे की नाही हे पाहावे. त्यानंतर एका शिक्षकाने पडद्यावरील नोंद मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने रजिस्टरात बोट ठेवून ती तपासावी. सर्व नोंदी तपासणे उत्तम. ते शक्य नसेल, तर पहिली, शेवटची व मधली प्रत्येक पंचविसावी नोंद तरी तपासावी. एक जरी तारीख चुकलेली आढळली, तर सर्व तारखा तपासल्याशिवाय ते काम पुरे झाले असे मानू नये.

मुलांची माहिती असलेला संगणक परवलीच्या शब्दाशिवाय ठेवू नये. झॅम्पसारख्या संचात मुख्य वापरकर्त्याला आरंभी परवलीचा शब्द नसतो. तो प्रथम घालावा. कागदी रजिस्टर पूर्वीप्रमाणेच जपावे, कारण दाखला देताना तेच प्रमाण आहे.

डेटाबेसला ओळ व रकाना यांपलीकडे काही कळत नाही. त्या ओळीमागे कोणते मूल आहे, हे शिक्षकालाच ठाऊक असते. म्हणून दोषाची सूचना नाहीशी झाली एवढ्यावर समाधान न मानता, प्रत्येक मुलाचे नाव व जन्मतारीख जशीच्या तशी उतरली आहे याची खात्री झाल्यावरच आयात पूर्ण झाल्याचा शेरा नोंदवहीत दिनांकासह लिहावा.