शेवटच्या दिवसांची शुश्रूषा कशी पारखावी?

कारखान्यातील कॅन्टीनची तपासणी करावयाची झाली, तर आम्ही मॅनेजरसाहेबांच्या टेबलाशी बसून कधी जेवत नाही. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुटीत जातो आणि कामगाराच्या ताटात काय पडते ते पाहतो. पुष्कळ वर्षांच्या संघटनेच्या कामाने लागलेली ही खोड आहे. व्याख्यानमालेच्या चालकांनी आज आम्हाला ज्या विषयावर बोलावयास उभे केले, तो कॅन्टीनचा नाही. परंतु पारख करण्याची रीत तीच आहे, असे आमचे मत झाले आहे. विषय आहे हॉस्पिसचा.

ज्याचा आजार आता हटावयाचा नाही असे डॉक्टरांनी सांगितले, त्याच्या वेदना, धाप, मळमळ, जखमा आणि भीती यांची काळजी वाहणारी व्यवस्था म्हणजे हॉस्पिस. ती एखादी इमारत असेल, किंवा घरोघर फिरणारे पथक असेल. लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून या कामाला आजचे रूप आले. या बाई आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या, आणि त्यानंतर डॉक्टर. खाटेच्या उशाशी उभे राहून जे कळते ते आधी शिकल्या आणि पुस्तक नंतर वाचले, हे आम्हाला विशेष वाटते. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन निघाले, पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्लाचे केंद्र निघाले. केरळात कालिकतला १९९३ पासून जे काम उभे राहिले, त्यात तर वस्तीतील साधे स्वयंसेवकच रुग्णाच्या घरी जाऊ लागले. या नावांची प्रतवारी लावावयास आम्ही उभे नाही. आपल्या माणसावर वेळ आली, आणि दोनचार ठिकाणांतून एक निवडावे लागले, तर पाहावे काय, एवढेच सांगावयाचे आहे.

आम्हाला ते ठाऊक नव्हते, आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. आमच्या युनियनचे एक जुने सभासद, तीस वर्षे लेथ चालविलेले, तोंडाच्या कर्करोगाने आजारी पडले. तंबाखूची सवय होतीच. शस्त्रक्रिया झाली, शेक झाले, आणि मग डॉक्टरांनी हात टेकले. घर दोन खोल्यांचे. आम्ही चारजणांनी वर्गणी केली आणि शहराबाहेरचे एक खाजगी ठिकाण निवडले. निवडले कशावरून? फरशी लखलखीत होती, बागेत तुळशीवृंदावन होते, आणि माहितीपत्रकावर हसऱ्या परिचारिकेचे चित्र होते. तिसऱ्या रात्री दोन वाजता त्यांना असह्य वेदना सुरू झाल्या. अठरा रुग्णांना एक मावशी. ती धावत आली. पण औषधाच्या कपाटाला कुलूप, किल्ली डॉक्टरांजवळ, डॉक्टर घरी, आणि फोन कोणी उचलीना. किल्ली आली सकाळी आठ वाजता. ‘येथे मॉर्फिन उपलब्ध आहे’ असे माहितीपत्रकात छापलेले होते, आणि ते खोटे नव्हते.

त्या सहा तासांनंतर आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले. आमचे शिक्षण बेताचे. पण वेतनकराराचे मसुदे वाचून इंग्रजी कागदपत्रांची भीती मोडली आहे. वाचताना असे दिसले की हॉस्पिसांची उघड तुलना करण्याचा सर्वांत मोठा खटाटोप अमेरिकेत झाला आहे. तेथे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यातून, म्हणजे मेडिकेअरमधून, १९८३ पासून हॉस्पिसचा खर्च मिळतो. रुग्ण सहा महिन्यांपेक्षा अधिक जगण्याची शक्यता नाही, असा डॉक्टरांचा दाखला लागतो. आज तेथे सहा हजारांहून अधिक हॉस्पिस आहेत, आणि त्यांतील दोनतृतीयांशाहून जास्त नफ्यासाठी चालतात. पैसे मिळतात ते मुख्यतः दिवसाच्या हिशेबाने; त्या दिवशी परिचारिका घरी गेली वा न गेली, रोजचा आकडा तोच. आमच्यासारख्याच्या कानाला हे लगेच खटकते. काम करा वा न करा, रोज पूर्ण, अशी रोजंदारी आम्ही एकाही मालकाकडून मिळवू शकलो नाही! पुढे २०१६ पासून शेवटच्या सात दिवसांतील परिचारिकेच्या व समाजसेविकेच्या भेटींना तासावर वेगळे पैसे देण्याची तरतूद झाली. ती का करावी लागली हे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून कळते. साडेसहा लाखांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शंभरातील बाराजणांकडे आयुष्याच्या शेवटच्या दोन दिवसांत एकही डॉक्टर, परिचारिका वा समाजसेविका फिरकलेली नव्हती. आणि ज्यांना रविवारी मरण आले, त्यांच्या वाट्याला भेटी विशेष कमी होत्या. मरण सुटीचा वार पाहून येत नाही. पण कर्मचारी सुटीवर जातात.

ऑगस्ट २०१७ पासून तेथे प्रत्येक हॉस्पिसची माहिती लोकांपुढे ठेवली जाऊ लागली. तिची जी गंमत झाली, ती समजून घेण्यासारखी आहे. आरंभी कागदांवरून गुण देत: रुग्ण आला तेव्हा वेदना विचारली का, धाप विचारली का, त्याच्या श्रद्धा विचारल्या का. प्रत्येक प्रश्नापुढे खूण करावयाची. थोड्याच काळात बहुतेक सर्वांचे गुण शंभराच्या जवळ पोचले, आणि चांगला कोण नि वाईट कोण हे कळेनासे झाले. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार असे कळले की आमच्याकडेही सर्व रजिस्टरे एका रात्रीत पूर्ण होतात. वेदना विचारणे हे एक, आणि ती थांबविणे हे दुसरे. आणि कागदावर दोहोंची खूण सारखीच दिसते.

मग उपयोगी काय ठरले? आमच्या मते दोन गोष्टी. पहिली, शेवटच्या तीन दिवसांची मोजणी: त्यांपैकी निदान दोन दिवस परिचारिका किंवा समाजसेविका प्रत्यक्ष येऊन गेली, असे रुग्ण शंभरात किती? हा आकडा विम्याच्या बिलांवरून काढतात, हॉस्पिसच्या स्वतःच्या सांगण्यावरून नव्हे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. ज्याची शुश्रूषा झाली तो साक्ष द्यावयास उरत नाही. म्हणून २०१५ पासून मृत्यूनंतर काही महिन्यांनी घरच्या माणसाला प्रश्नावली पाठवितात. मदत मागितली तेव्हा वेळेवर मिळाली का, रात्री, सुटीच्या दिवशी मिळाली का, त्याला आदराने वागविले का, वेदना कमी झाली का, तुम्हाला शुश्रूषा करावयास शिकविले का. या उत्तरांवरून २०२२ पासून ताऱ्यांची प्रतवारी लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच उत्तरांच्या आधारे असे आढळले की नफ्यासाठी चालणाऱ्या हॉस्पिसांचा अनुभव एकंदरीत डावा आहे. तरी त्यांच्यातही चांगली निघाली, आणि धर्मादायांतही वाईट निघाली. आमच्या पूर्वग्रहाला हे सोयीचे नव्हते, तरी सांगितले पाहिजे.

या पद्धतीतही भोके आहेत. उत्तरे येतात ती साधारण तिसऱ्या हिश्श्याची, आणि फार लहान हॉस्पिसला तारा मिळतच नाही. तरी मेलेल्याच्या घरी जाऊन विचारावे ही कल्पना आम्हाला पटली. आपल्याकडे असा जाहीर तक्ता नाही. शिवाय आपल्याकडील नावाजलेली कामे बहुधा विनामूल्य चालतात, आणि फुकट मिळालेल्या सेवेविषयी तक्रार करणे लोकांना पाप वाटते. कृतज्ञता ही चांगली गोष्ट. पण तिच्यामुळे चौकशी करणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून ‘सेवा कशी होती?’ असे विचारू नये. ‘फार चांगली माणसे हो’ एवढेच उत्तर येते. ‘रात्री फोन केला होता का? कोणी उचलला? किती वेळाने आले?’ असे विचारावे.

आता मॉर्फिनविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पारखीची खरी जागा ती आहे. मंदसोर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तिच्यापासून हे औषध होते. पण आपल्याच देशातील कर्करोग्याला ते मिळणे अवघड. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने राज्याराज्यांत इतके परवाने लागू लागले की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवान्यावर ते ठेवता येऊ लागले. म्हणून पहिला प्रश्न: तुमच्या संस्थेला ही मान्यता आहे का? दुसरा: रात्री किल्ली कोणाजवळ असते?

तिसरा प्रश्न ऐकून आपण हसाल: मॉर्फिनबरोबर जुलाबाचे औषध देता का? मॉर्फिनने सुरुवातीला गुंगी येते, मळमळते. हे त्रास बहुधा थोड्या दिवसांत ओसरतात. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. औषध चालू तोवर तेही चालू. जाणता डॉक्टर दोन्ही चिठ्ठ्या एकदमच लिहितो. जो लिहीत नाही, त्याने मॉर्फिन फारसे वापरलेले नाही असे समजावे. अमेरिकेच्या जुन्या कागदी गुणांतही हा एक प्रश्न होता, आणि तेवढ्यापुरता तो कागद शहाणा होता. तसेच तोंडाने घ्यावयाचे साधे मॉर्फिन घड्याळ लावून, साधारण दर चार तासांनी, द्यावयाचे असते. वेदना असह्य झाली की मग द्यावयाचे नसते. मधेच कळ आली तर जादा मात्रा ठरवून ठेवावी लागते. ‘फार दुखले तर देतो’ असे जेथे सांगतील, तेथून उठावे.

यानंतर आमचा स्वतःचा निकष. तो पुस्तकात फारसा ठळक दिसला नाही, पण आमच्या धंद्यामुळे आम्हाला तो पहिला सुचला. डॉक्टर दिवसातून दहा मिनिटे येतो. उरलेला सारा दिवस आणि सारी रात्र रुग्ण असतो मावशीच्या हातात. कुशीवर वळविणे, तोंड पुसणे, चादर बदलणे, पाठीवर लाल चट्टा दिसताच सांगणे, हे सारे तीच करते. तेव्हा तिच्याकडे रुग्ण किती, पाळी आठ तासांची की बारा तासांची, ती संस्थेची नोकर आहे की ब्युरोने आज पाठविलेली, उद्या दुसरी येणार, हे विचारलेच पाहिजे. रोज बदलणाऱ्या बाईला ह्या रुग्णाचा डावा खांदा दुखतो हे कळणार कधी? आम्ही तर कोणत्याही संस्थेत आत जाण्यापूर्वी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसतो. पाळी सुटली की मावश्या तेथे येतात. पगार वेळेवर होतो का, या एका प्रश्नाने सुरुवात केली की अर्ध्या तासात आतली सारी हकीकत समजते. आमच्या सभासदासाठी त्या रात्री धावून आलेल्या मावशीला तीन महिन्यांचा पगार मिळावयाचा होता, हे आम्हाला मागाहून कळले. तिच्याकडे आमची काहीही तक्रार नाही.

आमच्या सभासदांना आम्ही चौथ्या दिवशी घरी आणले. एका धर्मादाय संस्थेचे पथक घरी येऊ लागले; एक परिचारिका, एक समाजसेविका, आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टर. गालाच्या जखमेला वास येऊ लागला होता, आणि त्यांनी नातवंडाला जवळ घेणे सोडले होते. याची वाच्यता घरात कोणी करीत नव्हते. परिचारिकेने पहिल्याच भेटीत विचारले, आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर कशी घालावयाची ते वहिनींना हाताला धरून शिकविले. काही दिवसांत वास पुष्कळ कमी झाला. खोल्या त्या दोनच, भिंतीला पोपडे आलेले.

ते गेल्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही वही घेऊन वहिनींकडे गेलो, आणि अमेरिकेच्या धर्तीवर तयार केलेले प्रश्न, अवघडत का होईना, विचारले. शेवटच्या तीन दिवसांत पथक कितीदा आले? त्यांनी बोटांवर मोजले. दोनदा, त्यातला एक रविवार. रात्री फोन? एकदा केला, पावणेतीन वाजता. उचलला. कोणी आले नाही. पण जादा गोळी कोणती, किती, आणि अर्ध्या तासाने पुन्हा फोन करा, हे त्या बाईंनी सांगितले, आणि अर्ध्या तासाने वहिनींना फोन करावा लागला नाही, त्यांनीच केला. मग वहिनी म्हणाल्या, “भाऊ, पहिल्या जागेचंही लिहून घ्या की. तिथलं कुणी विचारायलाच आलं नाही.”

तेही लिहून घेतले. आता वहीत अकरा घरांच्या नोंदी आहेत. ती युनियनच्या कचेरीत, डाव्या कपाटात असते. सभासद असा वा नसा, कोणीही येऊन पाहावी. कपाटाला कुलूप नाही.