मालासाठी बंद व्हॅन घेताना : आधी वजन, मग आकार

घरोघरी आणि दुकानोदुकानी माल पोहोचविण्याचा व्यवसाय वाढला, तशी शहरांतील रस्त्यांवर बंद बॉडीच्या व्हॅनची संख्याही वाढली. उघड्या हौद्याच्या टेम्पोपेक्षा ही गाडी महाग पडते. पण पाऊस, धूळ आणि चोरी यांपासून मालाचे रक्षण करते. बेकरी, औषधे, विद्युत उपकरणे किंवा केटरिंगच्या व्यावसायिकांना ती म्हणूनच सोयीची वाटते. मात्र कर्ज काढून घेतलेली गाडी कामाला अपुरी पडली, तर हप्ता आणि भाड्याचा टेम्पो असा दुहेरी भुर्दंड बसतो.

पासिंगचे गणित

मालवाहू गाडीच्या नोंदणी पुस्तिकेत दोन वजने लिहिलेली असतात : रिकाम्या गाडीचे आणि मालासह एकूण. या दोहोंतील फरक म्हणजे भारवहन क्षमता. चालक व मदतनीस यांचे वजनही त्यातच धरावे लागते. समजा, एकूण वजन ३,२०० किलो आणि रिकाम्या गाडीचे १,९०० किलो आहे. उरलेल्या १,३०० किलोंतून दोन माणसांचे १५० किलो वजा केल्यास मालासाठी १,१५० किलो राहतात.

पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार सुमारे २१ किलोंचा असतो. म्हणजे या गाडीत ५४ जार बसतील. तीन मीटर लांब व दीड मीटरहून थोड्या अधिक रुंद हौद्यात एवढ्या जारांचा जेमतेम एक थर होतो. वर निम्म्याहून अधिक जागा मोकळी दिसते आणि दुसरा थर चढविण्याचा मोह होतो. तेथेच कायद्याचा भंग होतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय ब्रेक, टायर आणि पाटे यांचे आयुष्य घटते ते वेगळेच. उलट पाव, वेफर्स किंवा थर्माकोल नेणाऱ्याची गाडी वजनाच्या कितीतरी आधी आकारमानाने भरते. त्याने टनापेक्षा हौद्याची लांबी-उंची पाहावी.

दार, तळ आणि चाके

अरुंद गल्लीत मागचे दार उघडायला जागा नसते. तेथे बाजूचे सरकते दार उपयोगी पडते. हौद्याचा तळ जमिनीपासून किती उंच आहे, हेही मोजावे. दिवसातून शंभर खोकी चढविणाऱ्या हमालाच्या कमरेला तो फरक कळतो. टाटा विंगरमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, तर फोर्सच्या ट्रॅव्हलरमध्ये मागच्या चाकांना मिळते. पहिल्या रचनेत तळ खाली ठेवणे सोपे जाते. भरल्या गाडीने घाट चढताना दुसऱ्या रचनेची पकड चांगली राहते. इमारतीच्या तळघरात माल उतरवायचा असेल, तर तेथील प्रवेशद्वाराची उंची आधीच मोजून घ्यावी.

इंधन कोणते?

रोज ६० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस गाडी धावली, तर १,५६० किलोमीटर होतात. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीला १३० लिटर, तर १० किलोमीटर देणाऱ्या गाडीला १५६ लिटर डिझेल लागते. हा २६ लिटरचा फरक दरमहा सोसावा लागतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली. ती साफ होण्यासाठी इंजिन पुरेसे तापावे लागते. थांबत-थांबत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती तुंबू शकते. अशा कामासाठी सीएनजी वा विजेच्या गाडीचा विचार करावा. मात्र टाक्यांचे किंवा बॅटरीचे वजन क्षमतेतून किती खाते, ते तपासावे.

कागदपत्रे

एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. मध्यम आकाराच्या व्हॅन साधारणपणे ही मर्यादा ओलांडतात. विजेच्या वाहनांना मात्र २०१८ पासून परमिटमधून सूट आहे. फिटनेस प्रमाणपत्राचे नूतनीकरण पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी करावे लागते. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना असल्यास ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या आणि करपात्र माल विकणाऱ्या व्यावसायिकाला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. तेवढ्या रकमेवर घसारा मात्र घेता येत नाही.

गाडीची नोंदणी करण्यापूर्वी आपल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा माल काट्यावर तोलावा आणि खोकी मोजून घ्यावीत. हे दोन आकडे हाती असले की विक्रेत्याच्या पत्रकातील कोणती व्हॅन आपल्या कामाची, हे ठरविणे अवघड नाही.