गाणे आपले, पण हक्क कोणाचा?

सहा डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एकेकाळी भीमगीतांच्या कॅसेटची रास लागलेली असायची. पुढे सीडी आली, मग पेनड्राईव्ह आला. आता तीच गाणी इंटरनेटवर विकली जातात. आपल्या वस्त्यांतील गायक आणि गायन पार्ट्या घरबसल्या आपला आवाज जगभर पोहोचवू लागल्या आहेत, ही खचितच आनंदाची गोष्ट आहे. परंतु या बाजारात उतरलेल्या कित्येकांच्या मोबाइलवर एके दिवशी सूचना येते की, तुमच्या गाण्याविरुद्ध कॉपीराइटची तक्रार झाली आहे. घरातले सारे घाबरून जातात. कोणी रागाच्या भरात उलट उत्तर लिहितो, तर कोणी भीतीपोटी सगळीच गाणी काढून टाकतो. वास्तविक हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

समजा, एका शाहिराच्या निधनानंतर त्यांच्या मुलाने वडिलांची १९९६ सालची कॅसेट इंटरनेटवर विक्रीस ठेवली आणि कॅसेट काढणाऱ्या कंपनीने तक्रार केली. मुलगा म्हणतो, ‘‘गाणी माझ्या बापाने लिहिली. ही कंपनी कोण लागून गेली?’’ त्याचा संताप समजण्यासारखा आहे. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा एकाच गाण्यात वेगवेगळे हक्क पाहतो. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचे. गायक-वादकांचा हक्कही कायद्याने मानला आहे. कंपनीने स्वतःच्या खर्चाने मुद्रण केले असेल, तर ते मुद्रण प्रसिद्धीनंतर ६० वर्षे, म्हणजे २०५६ अखेरपर्यंत कंपनीचे. ती कॅसेट जशीच्या तशी विकायला कंपनीची परवानगी हवी.

मग शाहिराच्या घरी काहीच उरले नाही काय? तसे मुळीच नाही. शब्दांचा हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे असतो. तो कंपनीकडे गेला असे म्हणायचे, तर शाहिरांच्या सहीचा लेखी करार पाहिजे; तोंडी बोलणे चालत नाही. १९९६ च्या करारात मुदतच लिहिलेली नसेल, तर तो हक्क पाच वर्षांसाठीच दिला असे कायदा मानतो. प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारतापुरता. तेव्हा करार मागवावा, वाचावा आणि वकिलाला दाखवावा. शब्द व चालीचा हक्क घरात असेल, तर तीच गाणी नव्याने गाऊन, नवे मुद्रण करून खुशाल विकता येतात. मात्र वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर हा हक्क एकट्या मुलाचा नव्हे. आईचा आणि बहिणींचाही त्यात बरोबरीचा वाटा आहे. त्यांची संमती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नवीन करार करणाऱ्यांनी २०१२ ची दुरुस्ती ध्यानात ठेवावी. तिच्यानुसार कवी आणि संगीतकार यांनी हक्क कंपनीला दिला, तरी रॉयल्टीतील बरोबरीचा वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. पाचशे रुपये हातावर ठेवून कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्याला हे ऐकवावे.

आता आपल्या चुकाही पाहू. आपल्याकडे सिनेमाच्या गाजलेल्या चालीवर भीमगीत बांधण्याची जुनी रीत आहे. जयंतीच्या मंडपात ते खपून गेले, पण विक्रीला ठेवले की तक्रार येते. शब्द आपले असले तरी चाल परक्याची असते. बुद्धवंदनेचे पाली शब्द प्राचीन आहेत, त्यांवर कोणाचा हक्क नाही. परंतु दुसऱ्याने केलेले वंदनेचे मुद्रण उचलता येत नाही. प. पू. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील कॉपीराइट २०१६ अखेर संपला. उलट अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीतील प्रकाशित रचनांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या अशा रचनांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत. ‘वामनदादा सर्वांचे’ हे प्रेमाने म्हणणे वेगळे आणि त्यांचे गीत विकून पैसा करणे वेगळे.

तक्रार आली की प्रथम ती शांतपणे वाचावी. कोणी केली, कोणत्या गाण्याबद्दल, आणि शब्द, चाल की मुद्रण यांपैकी कशाबद्दल, हे कागदावर उतरवावे. त्या सूचनेची प्रत जपून ठेवावी. चूक आपली असेल तर गाणे उतरवावे, दिलगिरी व्यक्त करावी आणि रीतसर परवानगी मागावी. त्यात कमीपणा नाही.

हक्क आपला असेल तर मात्र गप्प बसू नये. यूट्यूबवर यंत्राने आपोआप लावलेल्या दाव्याला हरकत घेतली, की दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. उत्तर आले नाही तर दावा सुटतो. गाणे काढायला लावणारी तक्रार अधिक गंभीर असते. ९० दिवसांत अशा तीन ‘स्ट्राइक’ बसल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. तिथे प्रतिसूचना देता येते. पण त्यात खोटे लिहू नये, कारण प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. आपल्या देशातील २०१३ च्या नियमांनुसार तक्रारदाराला २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. तो आला नाही तर संकेतस्थळ गाणे परत ठेवू शकते. निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध कायद्याच्या कलम ६० खाली दादही मागता येते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. जातीचा दाखला घेऊन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात चौकशी करावी.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र घरातच आहे. एक वही करावी. प्रत्येक गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोण गायले, कधी आणि कोणाच्या खर्चाने मुद्रण झाले, हे तारखेसह लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा लागतोच.

आपण दररोज पंचशील ग्रहण करतो. न दिलेले घेणार नाही, हे त्यातील दुसरे शील. ते कंपनीला जसे लागू, तसे आपल्यालाही लागू आहे. रात्र रात्र जागून, पायपीट करून आपल्या कवींनी चळवळ जागती ठेवली आणि अनेकांच्या घरी त्या गाण्यांचा रुपयाही आला नाही. निदान आपण विकत असलेल्या गाण्याखाली त्यांचे नाव लिहू या आणि त्यांच्या घामाचे दाम त्यांच्या दारी पोहोचवू या. जयभीम!