सवाना चिचुंद्री : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सहारा वाळवंटाची दक्षिण हद्द जेथे संपते आणि विषुववृत्ताकडील दाट अरण्यांना जेथे अद्याप प्रारंभ झालेला नसतो, त्या मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात, म्हणजे पश्चिमेस मालीपासून पूर्वेस सुदान, इथिओपिया व केनियापर्यंत पसरलेल्या शुष्क सवाना मुलखात, वाळलेल्या गवताच्या बुंध्यांखालून वावरणारा एक लहानसा, लांब नाकाचा प्राणी आहे. क्रोसिडुरा फुल्वास्ट्रा हे त्याचे शास्त्रीय नाव. मराठीत त्याला सवाना चिचुंद्री म्हणावयास हरकत नाही. ईशान्य आफ्रिकेत हेडेनबोर्ग या संग्राहकाने गोळा केलेल्या नमुन्यांवरून कार्ल याकोब सुंदेवाल या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाने १८४३ साली तिचे प्रथम वर्णन केले. ज्या मुलखातील सिंह, हत्ती व जिराफ जगभरच्या लहान मुलांनाही ठाऊक आहेत, त्याच मुलखातील ही रहिवासी मात्र तेव्हापासून आजतागायत बहुधा ग्रंथालयांतील जाड सूचींतच नांदत आली आहे. आणि तिच्याविषयी जे समज सर्वसाधारणपणे रूढ आहेत, त्यांतील बहुतेक चुकीचे आहेत.

पहिला आणि साऱ्यांचे मूळ असलेला समज हा की चिचुंद्री म्हणजे एक प्रकारचा उंदीर. आकार, शेपटी आणि भिंतीच्या कडेने पळण्याची लकब एवढ्याच पुराव्यावर हा निवाडा केला जातो, आणि तो सर्वस्वी चूक आहे. उंदीर, खार व साळिंदर हे कृंतक; त्यांचे पुढचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात आणि त्या दातांच्या व दाढांच्या दरम्यान मोठी मोकळी जागा असते. चिचुंद्रीच्या जबड्यात अशी मोकळी जागा नसते. तिचे पुढचे दोन दात चिमट्यासारखे पुढे आलेले असून त्यांच्या मागे लहान लहान अणकुचीदार दातांची सलग रांग लागते, कारण तिला दाणे कुरतडावयाचे नसून किड्यांची कठीण कवचे फोडावयाची असतात. क्रोसिडुरा या प्रजातीत एकंदर २८ दात असतात. आपल्याकडील घरगुती चिचुंद्री ज्या सुंकस प्रजातीतली, तिच्यात ३०. कवटी हाती आली तर आणखी एक खूण दिसते : गालाच्या हाडाची जी कमान उंदराच्या कवटीत स्पष्ट असते, ती चिचुंद्रीच्या कवटीत पूर्ण झालेलीच नसते. शिवाय उंदराच्या पुढच्या पावलाला बहुधा चारच बोटे नीट वाढलेली आढळतात, चिचुंद्रीच्या पावलाला पाच. तिचे खरे नातलग म्हणजे जाहक आणि युरोपातील जमीन पोखरणारा मोल. उंदराशी तिचे नाते फार दूरचे आहे.

दुसरा समज थोडा अधिक शिकलेल्या मंडळींत आढळतो. चिचुंद्री दिवसरात्र खात राहिली नाही तर काही तासांतच भुकेने मरते, तिचे हृदय अतोनात वेगाने धडधडते, तिला विसावा म्हणून ठाऊक नाही, असे प्राणिशास्त्राच्या लोकप्रिय पुस्तकांतून सरसकट लिहिलेले असते. हे वर्णन खोटे नाही. ते दुसऱ्या शाखेचे आहे. उत्तरेकडील थंड प्रदेशांतील चिचुंद्र्यांच्या दातांच्या टोकांना लोहाच्या अंशामुळे तांबूस रंग असतो, आणि त्यांच्या शरीरातील ऊर्जेचा व्यय खरोखरच प्रचंड असतो. सवाना चिचुंद्री पांढऱ्या दातांच्या उपकुलातली. हे उपकुल उष्ण देशांत वाढलेले असून त्याचा शारीरिक जमाखर्च निराळा आहे : शरीराचे तापमान तुलनेने कमी, ऊर्जेचा व्यय बेताचा, आणि अन्न तुटपुंजे झाले की शरीर थंड करून काही काळ निपचित पडून राहण्याची शक्ती यातील अनेक जातींमध्ये अभ्यासकांनी नोंदवलेली आहे. ज्या प्रदेशात पावसाचे मोजके महिने सरले की पुढचा सारा काळ कोरडा जातो, तेथे ही काटकसर किती मोलाची असेल हे सांगावयास नकोच. पांढऱ्या दातांच्या चिचुंद्र्या लाल दातांच्या बहिणींइतक्या भांडखोरही नसतात. घरटे हलवावयाचे झाले की आईच्या शेपटीच्या बुडाशी एक पिलू दातांनी धरते, त्याच्या मागे दुसरे, त्यामागे तिसरे, आणि ती सारी रांग एका जिवाप्रमाणे वळणे घेत निघते. हे दृश्य क्रोसिडुरा प्रजातीत वारंवार पाहिले गेले आहे.

तिच्या आंधळेपणाची समजूत तर फार पुरातन आहे. प्लूटार्क या ग्रीक लेखकाने असे लिहून ठेवले की ईजिप्तचे लोक चिचुंद्रीला पूज्य मानतात ते ती आंधळी असते म्हणून, कारण अंधार हा प्रकाशाहून प्राचीन आहे असे ते समजतात. पूजेची हकिकत खरी आहे. नील नदीच्या त्रिभुज प्रदेशातील क्वेस्ना येथे ससाण्यांच्या दफनभूमीत जतन केलेल्या चिचुंद्र्याही सापडल्या आहेत, आणि क्रोसिडुरा रेलिजिओसा या जातीचे प्रथम वर्णन तर एकोणिसाव्या शतकात थीब्झ येथील ममींवरूनच झाले. आंधळेपणाची गोष्ट मात्र खरी नाही. चिचुंद्रीचे डोळे बारीक व दृष्टी मंद असली तरी तिला दिसते. एवढेच की घ्राण, श्रवण आणि मिशांचा स्पर्श यांवर तिचा भरवसा अधिक असतो.

चिचुंद्री विषारी असते या समजाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. उत्तर अमेरिकेतील ब्लारिना प्रजातीच्या चिचुंद्र्या आणि युरोपातील पाणचिचुंद्री यांच्या लाळेत विष असते हे सिद्ध झालेले आहे. त्या दाखल्यावरून साऱ्या कुलाला विषारी ठरवणे म्हणजे एका नागाच्या दंशावरून धामणीस दोष देण्यासारखे आहे. कुशीतील ग्रंथींमधून येणारा उग्र दर्प हे विष नव्हे. त्या दर्पामुळे मांजर तिला मारूनही पुष्कळदा खात नाही, परंतु घुबडाला त्याची पर्वा नसते, आणि घुबडाच्या या बेपर्वाईचा विज्ञानाला मोठा उपयोग झालेला आहे, तो पुढे येईलच.

येथे सर्वांत महत्त्वाचा गैरसमज येतो : जी जात फारशी कोणाला ठाऊक नाही ती दुर्मिळच असली पाहिजे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत सवाना चिचुंद्रीची नोंद सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आहे. मग ती दिसत का नाही? याचे उत्तर आपल्या शोधण्याच्या रीतीत आहे. लहान सस्तन प्राण्यांच्या पाहणीसाठी नेहमी वापरले जाणारे पिंजरे उंदरांच्या मापाचे असतात, त्यांत आमिष ठेवतात ते शेंगदाण्याचे व धान्याचे, आणि त्यांचा दरवाजा पडतो तो आतील प्राण्याच्या वजनाने. कीटकांवर जगणाऱ्या, काही ग्रॅम वजनाच्या प्राण्याला ते आमिष ओढीत नाही, आणि तो आत शिरलाच तरी दरवाजा पडेल याची शाश्वती नाही. चिचुंद्री हवी असेल तर जमिनीत खड्डा करून बादली काठापर्यंत पुरावी लागते, अशा बादल्यांच्या ओळीवरून प्लॅस्टिकच्या पट्टीचे वीतभर उंच कुंपण ताणावे लागते, म्हणजे आडव्या आलेल्या कुंपणाच्या कडेकडेने धावणारा प्राणी अलगद बादलीत उतरतो. आणि पहाटेच जाऊन त्या बादल्या पाहाव्या लागतात, नाहीतर उन्हाने व भुकेने तो दगावतो. दुसरा मार्ग गव्हाणी घुबडाचा. घुबड भक्ष्य सगळेच गिळते व न पचलेली हाडे आणि केस यांची गोळी करून ओकून टाकते. ती गोळी पाण्यात भिजवून सोडवली की बोटाच्या पेराहून फारशा मोठ्या नसलेल्या कवट्या हाती येतात, आणि त्यांतील दातांची रांग भिंगाखाली पाहून जात ठरवता येते. मनुष्य जे महिनोन्‌महिने धुंडाळूनही मिळवू शकत नाही, ते एका घुबडाच्या खोपीखाली पडलेले असते.

नमुना मिळाला तरी काम संपत नाही. क्रोसिडुरा ही सस्तन प्राण्यांतील सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी एक असून तिच्यात १८० हून अधिक जाती आहेत, व वरून पाहता त्या एकमेकींसारख्याच दिसतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गाय डॉलमन यांनी १९१५ च्या सुमारास आफ्रिकेतील क्रोसिडुरांचा दीर्घ आढावा घेतला, तेव्हा पुष्कळ नमुन्यांना स्वतंत्र नावे मिळाली. पुढे फेरतपासणीत त्यांतील कित्येक नावे एकाच जातीच्या खाती जमा करावी लागली. नावांचा हा कारभार जोवर निश्चित होत नाही तोवर कोणती जात कोठे व किती आहे हा हिशेबही कच्चाच राहतो, आणि म्हणून वस्तुसंग्रहालयांतील दात मोजीत बसणाऱ्या अभ्यासकांचे श्रम मला क्षेत्रातील श्रमांहून तिळमात्रही कमी वाटत नाहीत.

सवानातील ही चिचुंद्री आपल्यापैकी फारच थोड्यांना कधी दिसेल. परंतु पांढऱ्या दातांच्या त्याच उपकुलातील तिची आप्त महाराष्ट्रात घरोघरी आहे, झुरळे व किडे खाऊन राहते, आणि उंदीर समजून मारली जाते. वाचकांना विनंती एवढीच की, पिंजरा लावण्यापूर्वी अथवा विषाची गोळी टाकण्यापूर्वी त्या प्राण्याचे नाक एकदा नीट पाहावे; ते लांब, टोकदार व सतत हलणारे असेल, तर त्या जिवाला जाऊ द्यावे.