टर्बोची फुंकर

श्रोतेहो, इमामपूरचा घाट चढणारी टर्बोची पेट्रोल मोटार डोळ्यांपुढे आणा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर टर्बोचे चाक फिरते आणि हवा दाबून इंजिनात भरते. गिअर बदलताना आपण पाय उचलतो. थ्रॉटल मिटतो, चाक मात्र फिरतच असते. मग कोंडलेली हवा उलटून त्या चाकावरच आदळते. तिला वाट देतो तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह.

एक प्रकार हवा परत आतल्या नळीत सोडतो, दुसरा ‘फुस्स’ करून बाहेर. तरुण मंडळींचा जीव या फुस्सवरच! पण पुष्कळ गाड्यांत आत येणारी हवा मोजून पेट्रोल सोडतात. मोजलेली हवा बाहेर गेली, तरी पेट्रोल तेवढेच पडते. मग काळा धूर, आचके, प्रसंगी इंजिन बंद. स्प्रिंग फार कडक असली तर व्हॉल्व्ह उघडत नाही; फार मऊ असली तर गाडी जागेवर चालू असताना तो उघडा राहून गाळणी चुकवून धूळ आत ओढतो, आणि धुळीची आपल्या जिल्ह्यात काय वाण! बरे, ताकद वाढते म्हणाल, तर तेही नाही. कारखान्याने बसवलेला, हवा परत फिरवणारा व्हॉल्व्ह शाबूत असेल तर तोच ठेवावा.

डिझेल जीपवाल्यांनी तर खिशात हातच घालू नये. तिथे वेग आवरतात तो हवा अडवून नव्हे, डिझेल कमी करून.